रेसच्या गाडीला एक्सल निवडताना पैसे शाफ्टवर नको, जॉइंटवर घाला

हौशी रेसिंगमधे एक्सलचा विषय निघाला की सगळे आधी शाफ्टवरच येतात, किती जाड आहे, कुठलं स्टील आहे, किती हॉर्सपॉवर झेलेल वगैरे. पण सर्किटवर पळणाऱ्या गाडीत शाफ्ट मधोमध तुटलाय असं क्वचितच बघायला मिळतं. तिथं जीव जातो तो सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या दोन्ही टोकांचा सांधा, चाक वरखाली झालं किंवा वळलं तरी ते फिरतं ठेवणारा), आणि तोही एका दणक्यात नाही तर हळूहळू, म्हणजे बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) तापून चिरतो, ग्रीस पातळ होऊन बाहेर उडतं, मग बॉल कोरडे पळतात आणि मग एका लॅपला कटकट सुरू होते. ड्रॅगवाल्यांचे (सरळ पट्टीवर रेस लावणाऱ्यांचे) शाफ्ट तुटतात ते वेगळं, ते उभ्या गाडीवरून चिकट टायरवर क्लच सोडतात. सर्किटवर बऱ्याच क्लासमधे रोलिंग स्टार्ट (चालत्या गाडीवरून सुरुवात) असतो, स्टँडिंग असला तरी अख्ख्या रेसमधे एकदाच. त्यामुळं ड्रॅगवाल्यांचा सल्ला ऐकून महागडे शाफ्ट मागवायच्या आधी जरा थांबा.

पहिलं काम हिशोबाचं, कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत होतं. इंजिनचा टॉर्क (फिरवायचा जोर) गुणिले गियरचा रेशो गुणिले फायनल ड्राइव्हचा रेशो. समजा २०० न्यूटन-मीटरचं इंजिन आहे, पहिला गियर ३.५ आणि फायनल ४.०, तर डिफवर (दोन चाकांत टॉर्क वाटणारा डिफरन्शियल) २८०० आले, साध्या डिफला एका एक्सलवर १४००. आता दुसऱ्या बाजूनं बघा, टायर किती पकडतो. १००० किलोची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, पुढं ६० टक्के वजन, म्हणजे एका चाकावर ३०० किलो, चिकट टायरचा पकडीचा आकडा १.२ धरला आणि चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर, तर साधारण १०२० न्यूटन-मीटरला चाक फिरायला लागतं. म्हणजे इंजिन १४०० द्यायला तयार असलं तरी सरळ रस्त्यावर एक्सलपर्यंत तेवढं जातच नाही, आधी टायर घसरतो.

पण कोपऱ्यातून बाहेर पडताना गणित बदलतं. बाहेरच्या चाकावर वजन येतं, समजा ४५० किलो, तिथं तोच टायर १५३० च्या आसपास पकडू शकतो (थोडी पकड वळण्यात जाते, पण गाडी सरळ होत आली की ती परत मिळते), आणि एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ) असेल तर डिफ त्या चाकाला जास्त टॉर्क देतो पण. तिथं गियर साधारण दुसरा असतो, रेशो २.० धरला तर २०० × २.० × ४.० म्हणजे एकूण १६००. सगळाच्या सगळा एका बाजूला गेला तरी १६००, याच्या वर नाही. म्हणून माझा हिशोब असा की ही दोन्ही उत्तरं काढायची, इंजिनवालं आणि टायरवालं, त्यातलं लहान धरायचं आणि त्यावर दीडपट ते दुप्पट मार्जिन ठेवायचं. मार्जिन कशाला, तर कर्बसाठी (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे). कर्बवर चाक हवेत जातं, रिकामं फिरून वेग घेतं आणि जमिनीवर टेकलं की एका क्षणात तो सगळा वेग अडवला जातो, तो झटका कुठल्याच डायनोच्या (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर दिसत नाही. व्हील हॉपचं पण तसंच. गाडी सुटताना चाकं थडथडत असतील तर जाड एक्सल घेऊन उपयोग नाही, आधी इंजिन माउंट आणि शॉकअप बघा, हॉप थांबला की आहेत तेच एक्सल टिकतात.

टायर बदलले की हिशोब परत करा. साध्या टायरवर वर्षानुवर्षे चाललेला एक्सल स्लिक (बिननक्षीचे रेसचे टायर) टाकल्यावर बोंबलतो तो यामुळंच, इंजिन तेच असतं पण पकड वाढलेली असते.

जाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, पिळाची ताकद व्यासाच्या घनावर चालते. २४ मिमी वरून २६ मिमी वर गेलात तर दिसायला दोनच मिमी, पण ताकद २७ टक्के वाढते. वरच्या १६०० न्यूटन-मीटरला २४ मिमीच्या शाफ्टवर साधारण ५९० मेगापास्कलचा ताण येतो, २६ वर ४६४. पोकळ शाफ्ट बघून घाबरू नका, आतलं भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मं असलं तरी पिळाची ताकद फक्त सहा टक्क्यांनी कमी होते आणि वजन मात्र पंचवीस टक्के घटतं. स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांच्या) मुळाशी मात्र नीट बघा, कारण तुटलाच तर बहुतेक तिथूनच तुटतो. चांगल्या शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या तळाच्या व्यासापेक्षा थोडा बारीकच ठेवलेला असतो, म्हणजे पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो, एका जागी साचत नाही. जो शाफ्ट मधे जाडजूड आणि टोकाला एकदम खाली उतरतो तो दिसायला मर्दानी पण कामाला कच्चा.

आता घ्यायचं काय. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्याच मोठ्या भावात असतं. एकाच गाडीच्या फॅमिलीत टर्बो, डिझेल, किंवा मोठ्या इंजिनचं मॉडेल असतं, त्याचे एक्सल कंपनीनं जास्त टॉर्कसाठीच बनवलेले असतात, लाखो किलोमीटर टेस्ट झालेले असतात आणि भंगारात काढलेल्या गाडीतून मिळतात पण. माहितीतलं उदाहरण म्हणजे मझदा एमएक्स-५. सुरुवातीच्या १.६ लिटरच्या गाडीचा डिफ लहान आणि नाजूक, १९९४ पासून १.८ आली तेव्हा मोठा डिफ आला, मग १.६ वाले रेसर तो डिफ आणि त्याचे हाफशाफ्ट (म्हणजे एक्सलच) दोन्ही एकत्र उचलतात, कारण नुसता डिफ घेतला तर जुने शाफ्ट त्याला बसत नाहीत. तुमच्या गाडीला असा मोठा भाऊ आहे का हे आधी शोधा, पार्ट नंबरचा कॅटलॉग चाळायला एक संध्याकाळ घाला, ती वसूल होते.

मोठ्या भावाचा एक्सल उचलताना टेप आणि व्हर्नियर सोबत न्या. बाहेरच्या स्टबचे (हबमधे, म्हणजे चाक बसतं त्या भागात जाणाऱ्या टोकाचे) दाते किती, हबच्या बेरिंगमधे जाणारा व्यास किती, आतल्या टोकाचे दाते किती, गियरबॉक्सचं ऑइल सील ज्या जागी बसतं तो व्यास किती, एबीएस असेल तर रिंगचे दाते किती, आणि एकूण लांबी. यातलं एक जरी चुकलं तरी एक्सल बसणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बसेल आणि ऑइल गळेल.

कंपनीचाच पण वापरलेला हा दुसरा पर्याय आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांनी इथंच थांबायला हरकत नाही. वापरलेला म्हणजे वाईट असं नाही, बूट शाबूत असेल आणि आत ग्रीस जागेवर असेल तर हा जॉइंट रस्त्यावर फार झिजत नाही. तिसरा पर्याय रीकंडिशन केलेले, इथं सावध राहा. जॉइंटमधे बॉल ज्या खाचेत पळतो तिचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. झिजलेली खाच घासून साफ करतात आणि थोडे मोठे बॉल टाकतात, घासताना तो कडक थर पातळ होतो नाहीतर जातोच. घरच्या गाडीला चालून जाईल, रेसला नाही. अगदी स्वस्तातले नवीन बिनब्रँडचे एक्सल पण त्याच माळेतले, शाफ्टचं स्टील काय ते माहीत नाही, बूट कडक प्लास्टिकसारखे, आणि ग्रीस तर किती भरलंय ते देवालाच माहीत. नवीन दिसतो म्हणून लोक फसतात.

चौथा पर्याय कस्टम, म्हणजे ४३४० किंवा ३००एम स्टीलचे शाफ्ट. ४३४० म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं स्टील, लेथवाल्याला ईएन२४ म्हणून सांगितलं तर लगेच कळेल, जवळजवळ तेच. ३००एम मधे सिलिकॉन आणि व्हॅनेडियम वाढवलेलं असतं. दोन्ही उत्तम पण सगळी ताकद हीट ट्रीटमेंटमधे असते, नुसता ईएन२४ चा दांडा आणून लेथवर उतरवला आणि दाते पाडले म्हणून रेस एक्सल होत नाही. बनवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, हार्डनेस किती ठेवता आणि स्प्लाइन कापता का रोल करता, रोल केलेली स्प्लाइन थकवा जास्त काळ झेलते. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा बघा. आणि जुना शाफ्ट कापून, मधे तुकडा घालून, वेल्डिंग करून लांबी जुळवायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा आणि निघा.

कस्टम कधी लागतो? इंजिनच बदललंय, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद केलाय, किंवा हिशोबात मार्जिन खरंच उरत नाही तेव्हा. त्याच्या आधी रूलबुक वाचा, स्टॉक क्लासमधे बऱ्याच ठिकाणी एक्सल मूळ प्रकारचाच लागतो.

आता जॉइंट. बाहेरचा जॉइंट बहुतेक गाड्यांत सहा बॉलचा रझेप्पा पद्धतीचा असतो, आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनियरनं १९२० च्या दशकात काढलेली ही कल्पना, आणि १९५९ च्या मिनीत ती लहान फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत आली तेव्हापासून अजून तीच चालू आहे. हा ४५ अंशाच्या पुढंही वळतो पण आतबाहेर सरकत नाही. आतला जॉइंट सरकतो, तो एकतर तीन रोलरचा ट्रायपॉड किंवा तिरक्या खाचांचा सहा बॉलवाला. ट्रायपॉड सहज सरकतो, स्वस्त असतो, बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्हला तोच. तिरक्या खाचांचा बोल्टनं फ्लँजला (डिफच्या चकतीला) लागतो, फोक्सवागन आणि पोर्शच्या जुन्या गाड्यांमुळं ९४, १०० आणि १०८ मिमी अशा साइजमधे भरपूर मिळतो आणि मागून चालणाऱ्या किंवा स्वतः बांधलेल्या गाडीला सोयीचा, कारण जॉइंट खोलता येतो, साफ करता येतो, एकटाच बदलता येतो. गाडी तुम्ही शून्यातून बांधत असाल तर अशीच साइज धरा जिचा जॉइंट कुठंही मिळेल.

जॉइंटमधे उष्णता कशानं होते, तर टॉर्क, स्पीड आणि कोन या तिघांमुळं. टॉर्क आणि स्पीड कमी करायला आपण रेसिंग कशाला करतोय, म्हणजे हातात राहिला कोन. गाडी खाली बसवली की डिफ किंवा गियरबॉक्स जागेवरच राहतो आणि हब वर जातो, एक्सल तिरका होतो. आपल्या राइड हाइटला एक्सल जितका आडवा तितकं आयुष्य जास्त. फोनमधल्या लेव्हलनं मोजा, पाच-सहा अंशापर्यंत असेल तर चिंता नको, दहाच्या पुढं गेला तर जॉइंट बदलत बसण्यापेक्षा हाइट किंवा माउंट बदलायचा विचार करा. समोरून दिसणारा कोन सगळे बघतात, वरून बघितल्यावर एक्सल पुढं-मागं झुकलाय का ते कोणीच बघत नाही, तोही कोन त्यात धरायचा असतो.

आणि सगळ्यात जास्त वेळ लांबीला द्या. स्प्रिंग काढा, नुसता शॉकअप किंवा स्ट्रट लावा, एक्सल बसवा, आतला बूट मागं सारून ठेवा आणि हबखाली ट्रॉली जॅक घालून सस्पेन्शन पार वरपासून पार खालपर्यंत हळूहळू न्या. प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरला थांबून शाफ्ट आत-बाहेर हातानं हलवा, कुठंही तो हलायचा बंद झाला म्हणजे तिथं जॉइंट तळाला टेकलाय किंवा बाहेर यायच्या बेतात आहे. दोन्ही टोकांना किमान पाच मिमी तरी हालचाल उरली पाहिजे. पुढची चाकं असतील तर हेच स्टेअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून परत करा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) वाढवला, खालचे आर्म लांब केले, सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) सरकवली, यातलं काहीही केलं की ही तपासणी नव्यानं. तळाला टेकणारा एक्सल स्वतः तुटत नाही, तो प्रत्येक खड्ड्याला डिफच्या बेरिंगवर घण मारल्यासारखा ठोकतो, आणि मग गियरबॉक्स खोलल्यावर लोक म्हणतात बेरिंग कसं काय गेलं. इंजिनचे माउंट मऊ असतील तर इंजिन हलण्यात पण काही मिमी जातात ते विसरू नका.

वापरलेला जॉइंट घरी आणला की बूट कापून फेकून द्या, रॉकेल किंवा डिझेलमधे धुवून पार कोरडा करा. पितळी पंचनं आतल्या रेसवर (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांच्या कड्यावर) ठोकलं की सर्क्लिप (जॉइंट अडकवून धरणारी तारेची रिंग) सुटते आणि जॉइंट शाफ्टवरून निघतो. केज (बॉल धरणारं खिडक्यांचं कडं), आतली रेस आणि बाहेरचा कप यांची एकमेकांत बसायची दिशा पेंटनं मार्क करा, बॉल ज्या खाचेतला त्याच खाचेत परत घाला. तिरक्या खाचांचा जॉइंट उलटा जुळवला तर तो अडकतो, हलणारच नाही, म्हणून खोलायच्या आधी फोटो काढा. मग उजेडात खाच बघा. चकचकीत पट्टा दिसत असेल तर ठीक, बॉल पळाल्याची ती खूण. पण अंगठ्याचं नख फिरवल्यावर कुठं अडकलं, बारीक खड्डे लागले, तर तो जॉइंट गेला. केजच्या खिडक्यांचे कोपरे भिंगातून बघा, तडा तिथूनच सुरू होतो. आणि रंग बघा. स्टील निळं पडलंय म्हणजे ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊन आलंय, वरचा कडकपणा गेलेला असतो, मग खाच कितीही गुळगुळीत दिसो, तो भंगारात. ट्रायपॉडला रोलरपेक्षा कपातला ट्रॅक बघा, रोलर जिथं नेहमी उभा असतो तिथं खळगा पडतो आणि जोरात ॲक्सिलरेट केल्यावर गाडी थरथरते ती त्यानंच.

शाफ्टवर खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर घेऊ नका, तडा तिथूनच पसरतो. चांगला निघाला तर एक काम आवर्जून करा, लांबीभर पेंट मार्करनं एक सरळ रेघ ओढा. सीझनमधे ती रेघ सरळ आहे तोवर निर्धास्त, ती पिळलेली दिसली की शाफ्टनं हात टेकलेत, त्याच दिवशी काढा. आणि डावा-उजवा लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे सारखे असले तरी एका दिशेला ताण खाऊन बसलेला शाफ्ट उलट बाजूला लावू नये. सुटे निघणारे जॉइंट मात्र काही जण मुद्दाम बाजू बदलून लावतात, म्हणजे खाचेची न झिजलेली कड वापरली जाते, ते चालतं.

ग्रीसवर कंजुषी नको, सगळ्या यादीत हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं सीव्हीचंच ग्रीस घ्या, जास्त तापमानाचं रेसिंग ग्रीस मिळालं तर उत्तम. चाकाच्या बेरिंगचं उरलेलं ग्रीस भरायचं नाही. दोन प्रकारची मिसळायची पण नाहीत, काही ग्रीस एकमेकांत गेली की पाण्यासारखी होतात, म्हणून आधी जुनं पूर्ण धुवून काढा. किती भरायचं ते त्या जॉइंटच्या मॅन्युअलमधे ग्रॅममधे लिहिलेलं असतं, साध्या किचनच्या काट्यावर मोजा. जास्त भरलं म्हणजे जास्त टिकेल हा गैरसमज, जास्तीचं ग्रीस ढवळून अजून तापतं आणि बूट फुगवतं. ग्रीस खाचांत आणि बॉलच्या मागं दाबून भरा, नुसतं बुटात ओतून ठेवलं तर जॉइंटपर्यंत पोचायच्या आधीच पहिला सेशन संपतो. बुटाची छोटी क्लिप आवळायच्या आधी बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालून अडकलेली हवा सोडून द्या.

बाहेरच्या बुटाचा शत्रू ब्रेकची डिस्क आणि आतल्याचा एक्झॉस्ट. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर मधे पत्र्याची ढाल लावा, दहा मिनिटांचं काम आहे. जॉइंटच्या कपावर तापमानाचे स्टिकर लावा, जे एकदा रंग बदलले की परत येत नाहीत. कुठल्या बाजूचा आणि कुठला जॉइंट जास्त तापतो ते एका वीकेंडमधे कळतं आणि पैसे कुठं घालायचे त्याचं उत्तर तिथंच मिळतं.

बसवताना हबचा नट नवीनच वापरा आणि टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्याला आवळा, इम्पॅक्ट गननं शेवटचं आवळणं नको. बऱ्याच गाड्यांत हबच्या बेरिंगला आवळून धरणारा हाच नट असतो, त्यामुळं एक्सल काढून गाडी नुसती ढकलत ट्रेलरवर चढवायची असली तरी स्टबचा तुकडा आणि नट लावूनच हलवा, नाहीतर बेरिंग सुटतं. फ्लँजवाल्या जॉइंटचे बोल्ट लावायच्या आधी आटे ब्रेक क्लीनरनं पार कोरडे करा, ग्रीस लागलेल्या आट्यांमुळंच ते ढिले होतात, आणि पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर परत एकदा रेंच लावून बघा.

दोन नवीन कस्टम एक्सलच्या पैशात वापरलेले कंपनीचे चार एक्सल, ग्रीस, बूट आणि क्लिपा सगळं येऊन वर उरतं. म्हणून एक पूर्ण जोडी बांधून, ग्रीस भरून, नवीन नट आणि सर्क्लिपसकट ट्रेलरमधे ठेवा, डाव्यावर डावा आणि उजव्यावर उजवा लिहून. आणि गियरबॉक्स ऑइलचा एक डबा पण ठेवा, कारण एक्सल खेचला की बऱ्याच गाड्यांतून ऑइल बाहेर येतं आणि पॅडॉकमधे (ट्रॅकवर गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) शोधाशोध करायला वेळ नसतो.